उलटा हात

माझ्या बायकोचा उजवा हात आज शाबूत आहे तो देवऱ्यामुळे, आणि त्या देवऱ्याचं तोंड पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. दुसरी त्याला न सांगताच कळलेली होती, कारण त्यालाही माझ्याबद्दल नेमकं तसंच वाटायचं.

माणूस नुसता वाईट असला तर सोपं असतं हो. चार शिव्या द्यायच्या आणि मोकळं व्हायचं. हा माणूस प्रत्येक वेळी बरोबर असायचा. बरं, बरोबर असतो एखादा, तर गप बसावं ना? ते नाही. समोरच्याच्या नाकावर टिच्चून, चारचौघांत, त्याची इज्जत काढून हा बरोबर असायचा. आठ वर्षं मी हे सहन केलंय.

इंदिरानगरात आमची बारा फ्लॅटची सोसायटी. देवरे तळमजल्यावर, मी बरोबर त्याच्या डोक्यावर. वीज खात्यात वायरमन म्हणून जन्म काढून निवृत्त झालेला, मूळचा सटाण्याकडचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा गावाकडे शेती करतो. अंगाने वाळका, उंच, मान सदा पुढे काढलेली. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावायचा. पायात रबरी स्लिपर. त्या स्लिपर तो कुणाच्याही घरात काढायचा नाही, अगदी देवघरासमोरसुद्धा नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तुमच्या घरात शिरला की आधी नाक वर करून वास घ्यायचा. कुठे वायर तापलीय का ते बघत असायचा म्हणे. मला तर तो आमच्या स्वयंपाकालाच नाकं मुरडतोय असं वाटायचं.

आणि त्याची सगळ्यात चीड आणणारी सवय म्हणजे उलटा हात. गेट असो, नळ असो, लिफ्टचं दार असो, कुणाची मोटारसायकल असो, धातूच्या कुठल्याही वस्तूला तो पहिला हात उलटा लावायचा. बोटांची पाठ क्षणभर टेकवायची, थांबायचं, मगच वस्तू सरळ हाताने धरायची. गणपतीत मांडवातल्या घंटेलाही त्याने आधी उलटा हात लावलेला मी बघितलाय. सरळ हाताने धरलं आणि त्यात करंट असला तर बोटं मिटतात, वस्तू सुटत नाही. उलट्या हाताला बसला तर हात झटक्याने मागे येतो, असं त्यामागचं कारण. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. सुनंदाला सांगितलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिच्याशी तो माणसासारखा बोलायचा, 'ताई' म्हणायचा. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून मला 'सेक्रेटरी' म्हणायचा, आणि ते असं, की जणू मी कुठल्यातरी गुन्ह्यात सापडलोय.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. आम्ही राहायला आलो तेव्हा वास्तुशांत ठेवली होती. मे महिना, साठ माणसं, हॉलमध्ये होम पेटलेला. खालच्या मजल्यावरचे म्हणून देवऱ्यालाही बोलावलं होतं. आला. स्लिपर घालून सरळ आत. होमाकडे बघितलंसुद्धा नाही, स्वयंपाकघरात गेला आणि आमच्या नव्या कोऱ्या फ्रिजला उलटा हात लावला.

"लागतंय," म्हणाला.

मी म्हटलं, "काय लागतंय? बसा ना, प्रसाद घ्या."

तो दाराजवळच्या बोर्डाकडे गेला, झाकण उघडलं आणि खटकन मेन बंद केला. पंखे थांबले. होमाचा धूर खाली उतरला. गुरुजी खोकायला लागले, पोरं रडायला लागली, माझे साडू 'अरे काय झालं, काय झालं' करत उठले.

"अर्थिंगच नाय या घराला," देवरे सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "वायर आणून भिंतीत सोडून दिलीय, पुढे कशालाच जोडलेली नाय. ओली फरशी, एवढ्या बायका, एवढी पोरं. हे घर हाय का खाटीकखाना?"

वास्तुशांतीत! गुरुजींसमोर! माझ्या सासुरवाडीच्या माणसांसमोर! मी त्याला हाताला धरून बाहेर काढणार होतो, पण सुनंदा मध्ये आली. म्हणाली, "करू द्या हो त्यांना." मग त्या माणसाने तीन तास आमच्या घरात वीज येऊ दिली नाही. भिंतीतली ती अर्धवट वायर शोधून खाली पार्किंगमधल्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडली. वर आणखी एक छोटा ब्रेकर बसवला. लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की पापणी लवायच्या आत घराची वीज तोडणारं यंत्र ते. पाहुणे घामाने निथळत जेवले. साडू अजून ती गोष्ट मीठमसाला लावून सांगतात.

पुढे ते यंत्र वरचेवर पडायचं. गिझर लावला की पडलं, मिक्सर ओला झाला की पडलं. मी दर वेळी ते वर करताना देवऱ्याचा उद्धार करायचो. एकदा तर काढूनच टाकायला निघालो होतो. सुनंदाने स्टूल काढून घेतलं.

तुम्हाला वाटेल, माणूस तोंडाने फटकळ पण मनाने चांगला असेल. हेच सगळे म्हणतात. मग पाटील आजींची इस्त्री ऐका. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, एकट्या. त्यांच्याकडे त्यांच्या यजमानांनी आणलेली जुनी जड इस्त्री होती. त्या तिला जीव लावून वापरायच्या. देवऱ्याने एके दिवशी तिला उलटा हात लावला, 'लागतंय' म्हणाला, खिशातून पक्कड काढली आणि आजींच्या डोळ्यांदेखत तिची वायर मुळापासून कापली. म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरायचा प्रश्नच नको. आजी रडल्या. यजमानांची आठवण होती ती. हा त्यांच्याकडे न बघता वायरचा तुकडा गुंडाळत जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवशी नवीन इस्त्री त्यांच्या दाराशी ठेवून आला, बेलसुद्धा न वाजवता. आता याला चांगुलपणा म्हणायचं का? मी नाही म्हणत. दोन गोड शब्द बोलायला काय जातं माणसाचं?

आता तो खड्डा. आमच्या बिल्डिंगचं अर्थिंग जिथे जमिनीत उतरतं तो हा खड्डा. खाली तांब्याची पट्टी पुरलेली, भोवती मीठ आणि कोळसा, वर लोखंडी झाकण. आसपासची माती ओली राहिली तर त्याचा उपयोग, सुकली तर तो असून नसल्यासारखा. देवरे दर मंगळवारी सकाळी एक बादली पाणी नेऊन त्यात ओतायचा. उन्हाळा असो, पाणीकपात असो, मंगळवारची बादली चुकायची नाही. आणि हा खड्डा नेमका माझ्या पार्किंगच्या कोपऱ्यात. झाकण वर आलेलं, त्यामुळे गाडीचं डावं दार पुरतं उघडायचं नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ आली आणि मला कारण मिळालं. सेक्रेटरी म्हणून मी नोटीस लिहिली आणि बोर्डावर लावली: 'पिण्याचे पाणी खड्ड्यात ओतून नासाडी करणाऱ्या सभासदाने हा प्रकार त्वरित थांबवावा. सदर खड्डा बुजवून फरशी बसवण्याचा विषय दिवाळीनंतरच्या सभेत घेतला जाईल.' खोटं कशाला बोलू, पाण्याची काळजी मला कमी होती आणि गाडीच्या दाराची जास्त.

देवऱ्याने नोटीस वाचली. मी वरून गॅलरीतून बघत होतो. वाचून झाल्यावर त्याने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं आणि बादली भरायला गेला. मंगळवार होता.

हे सगळं एवढ्यावरच राहिलं असतं. पण मध्ये माझं होम थिएटर आलं.

सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये मी तीस वर्षं काढली. प्रेसच्या दणदणाटात. निवृत्तीनंतर एकच हौस करायची ठरवली होती: घरात थिएटरसारखा आवाज. स्पीकरांना आवाज पुरवणारा रिसिव्हर घेतला, पाच स्पीकर घेतले, जमिनीवर ठेवायचा तो धमधम करणारा डबाही घेतला. सगळं झकास होतं, फक्त एक अडचण. आमचा हॉल मोठा. आवाज जरा वाढवला की रिसिव्हर तव्यासारखा तापायचा आणि आवाज फाटायचा. माणसं बोलायला लागली की जणू पत्र्यावर खडे पडतायत.

ज्या दुकानातून माल घेतला तिथला शेलार म्हणून बसवणारा माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, तुमचा रिसिव्हर हुशार आहे पण अंगात ताकद नाही. त्याला हुशारीचंच काम करू द्या. ताकदीसाठी बाहेरून वेगळा अॅम्प लावू." रिसिव्हरच्या मागे प्री-आउट म्हणून जागा असतात. तिथून केबल काढून अॅम्पला द्यायची आणि पुढचे तीन स्पीकर अॅम्पवर टाकायचे. रिसिव्हरचा भार उतरतो, आवाज मोकळा होतो. मला पटलं. अॅम्प आला. काळा, लोखंडी अंगाचा, दगडासारखा जड. शेलारने आणि मी धरून तो टीव्हीशेजारच्या टेबलावर ठेवला. त्याला मोठा प्लग, म्हणून तो पलीकडच्या भिंतीवरच्या एसीच्या पॉइंटला लावला. सगळं जोडलं, सुरू केलं.

गुंऽऽऽऽ.

सिनेमा लागायच्या आधीच तिन्ही स्पीकरमधून भुंग्यासारखा एकसारखा गुणगुणाट. आवाज कमी केला तरी तेवढाच, वाढवला तरी तेवढाच. शेलारने केबली काढल्या, घातल्या, फिरवल्या. गुंऽऽऽ काही जाईना. तो वार गुरुवार. आणि रविवारी दुपारी चारला मी माझ्या कारखान्यातल्या आठ दोस्तांना बोलावून ठेवलेलं. महिनाभर फुशारक्या मारून झाल्या होत्या.

शुक्रवारी सुनंदाने मला न विचारता देवऱ्याला बोलावलं.

आला. स्लिपरसकट. टीव्हीकडे ढुंकून बघितलं नाही. अॅम्पला उलटा हात लावला, रिसिव्हरला लावला. मग गच्चीवरून येणारी टीव्हीच्या केबलची वायर उपटली. गुणगुणाट निम्मा झाला. परत लावली. परत तेवढाच.

"हा या भिंतीला," रिसिव्हरकडे बोट करून तो म्हणाला, "हा दगड त्या भिंतीला, आणि तिसरी वायर गच्चीवरून. तिघांची जमीन तीन ठिकाणची. मग बोंबलणार नाय तर काय? बोर्डापासून एक नवीन लाइन आणतो, सगळी एका जागी लावतो. जाईल आवाज. सोमवारी येतो."

"रविवारी माझ्याकडे माणसं यायचीत."

"मग त्यांना मंगळवारी बोलव."

बघा! हा माझ्या पाहुण्यांचा दिवस ठरवणार! मी म्हटलं, "शेलार म्हणतो एवढं काही करायला नको. प्लगची वरची जाड पिन काढली की आवाज जातो."

देवरे वळला. एवढ्या वर्षांत मी त्याला इतकं रागावलेलं बघितलं नव्हतं. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. "पिन तोडली की आवाज जातो हे मलाबी माहितीय, सेक्रेटरी. समदे हेच करतात. ती अर्थिंगची पिन हाय. ती हाय तोवर मशीनच्या अंगात करंट उतरला की तो जमिनीत जातो, आणि हा दारातला ब्रेकर लगेच पडतो. तोडल्यावर तो करंट मशीनच्या अंगावर बसून राहतो. कुणाच्या हाताची वाट बघत." मग एक बोट माझ्या छातीवर रोखलं. "पिनला हात लावलास तर माझ्यासारखा वाईट नाय."

माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, मला! मी साठी ओलांडलेला माणूस आहे.

शनिवारी सुनंदा कापड आणायला मेन रोडला गेली होती. शेलार आला, करवतीच्या पातीने पिन कापली, प्लग लावला. गुणगुणाट गेला. इतका गेला की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. कापलेली पिन पितळेची होती म्हणून मी टाकली नाही, शोकेसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. शेलार गेला तसा मी मुद्दाम एक ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज पुरता वर केला. खाली ऐकू जाऊ दे म्हटलं. कळू दे म्हटलं कुणाचं अडत नाही.

पाच मिनिटांत तो दारात. आमच्या जाळीच्या दाराबाहेर उभा, जिना चढून धापा टाकतोय.

"एकदम कसा काय गेला आवाज? पिन कुठंय?"

"माझं घर, माझं मशीन."

"कुलथे, दार उघड."

माझं आडनाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. मी दार उघडलं नाही. जाळीतून तो म्हणाला, "बरं, नको उघडू. पण ताईंना तेवढं सांग. म्हणावं, त्या मशीनला हात लावायचा नाय. ओल्या हाताने तर बिलकुल नाय. सांगशील ना?"

मी आतलं लाकडी दार त्याच्या तोंडावर लावलं. बाहेरून त्याचा ओरडा आला, रागाच्या भरात गावाकडच्या बोलीत, "तुले मरानं शे का रे?"

मी सुनंदाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? नंतर मी स्वतःला किती वेळा विचारलंय. सांगितलं असतं तर पिनेचं सांगावं लागलं असतं. मग ती म्हणाली असती, घ्या ना करून सोमवारी देवरेभाऊंकडून, दोन दिवसांनी काय बिघडतंय. म्हणजे पुन्हा तो आला असता, पुन्हा तो बरोबर ठरला असता. एवढंच. एवढ्यासाठी नाही सांगितलं.

रविवार दणक्यात झाला. दोस्त खूश. एक जण म्हणाला, कुलथे, तुझ्याकडे बसलं की थिएटरला जायची गरज नाही. पंधरा-वीस दिवस मी रोज दुपारी सिनेमा बघितला. पुढे नवरात्र आलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं, यंत्रं पुसून त्यांची पूजा करायची पद्धत. सुनंदा शिवणकाम करते. अर्ध्या कॉलनीचे ब्लाऊज तिच्या हातचे. त्यामुळे तिचं शिलाई मशीन, कात्र्या, टेप, सगळं मांडून झालं. मग तिला वाटलं, ह्यांचंही मशीन आहेच की. मी समोर सोफ्यावर पेपर वाचत होतो. टीव्हीवर आरती चालू होती, म्हणजे अॅम्पही चालू होता. तिने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, स्पीकर पुसले. अॅम्पला झेंडूचा हार घातला. वाटीतल्या कुंकवात पाणी होतं. तिने उजव्या हाताचं बोट त्यात बुडवलं आणि अॅम्पच्या कपाळावर टेकवलं.

तिच्या तोंडून आवाज आला तो मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याच क्षणी दाराजवळ खाट् झालं आणि घर बंद पडलं. आरती थांबली, पंखा थांबला. सुनंदा मागे फेकली जाऊन टेबलाच्या पायाशी पडली होती आणि वाटीतलं कुंकू फरशीवर सांडलं होतं.

मी काय केलं? काही नाही. पेपर हातात धरून उभा राहिलो. 'सुनंदा, सुनंदा' एवढंच म्हणत होतो. सणाचं दार उघडंच होतं, तेवढ्यात देवरे आत होता. खाली धप्प आवाज ऐकूनच तो पळत सुटला असणार. तो मशीनकडे गेला नाही, तिच्याकडे गेला. नाकाशी हात धरला, मनगट धरलं, डोळे बघितले.

"ताई, ऐकू येतंय? बोटं हलवा. उजव्या हाताची. हलवा."

तिने हलवायचा प्रयत्न केला. खांद्यापासून हात तिचा नव्हताच. बोटाच्या टोकावर काळा ठिपका उठला होता. पण ती बोलली. पाणी मागितलं.

मग देवरे उठला. अॅम्पचा प्लग ओढून काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. दोन पिना. तिसरीच्या जागी कापलेलं बूड. "ब्रेकर होता म्हणून," तो म्हणाला. बस्स, एवढंच. वास्तुशांतीतला तो ब्रेकर. पुढे अॅम्प उघडला तेव्हा कळलं, आतली एक वायर सैल होऊन पत्र्याला टेकली होती. पिन असती तर वायर टेकली त्याच मिनिटाला घर बंद पडलं असतं आणि मी चरफडत शेलारला फोन केला असता.

आणि मग, प्लग हातात तसाच धरून, त्याने ते विचारलं. तिच्याशेजारी उकिडवा बसून, माझ्याकडे बघत. "ताई, मी याला सांगितलं होतं, तुम्हाला सांग म्हणून. की हात लावू नका. सांगितलं होतं का याने?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "सांगितलं होतं भाऊ. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

देवऱ्याने हातातला प्लग खाली ठेवला. त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि त्या लाजेसकट मला त्याचा राग आला. माझ्या घरातली ही गोष्ट बघायला तो तिथे का होता?

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, क्षणभरच बसलाय, थोडक्यात वाचल्या. हाताला मुंग्या मात्र महिनाभर होत्या. कात्री धरवायची नाही. दिवाळीच्या तोंडावर आलेली कापडं तिने एकेका बाईला परत केली. डाव्या हाताने पिशव्या उचलून द्यायची, आणि मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो.

देवऱ्याने काय केलं, तर ड्रॉवरमधली ती पिन मागितली. मी मुकाट्याने दिली. संध्याकाळी खाली उतरलो तर नोटीस बोर्डावर, माझ्याच नोटिसीखाली, चिकटपट्टीने ती पिन लावलेली. आणि खाली त्याच्या वाकड्या अक्षरात: 'सेक्रेटरींच्या घरची पिन. खड्डा बुजवण्याआधी सर्वांनी बघणे.' अख्ख्या सोसायटीने बघितली. दूधवाल्याने बघितली. पाटील आजींनी तर मला थांबवून विचारलं, हे काय हो कुलथे? मी ती उपटायला गेलो तर सुनंदा म्हणाली, "राहू द्या." एवढंच म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्यानंतर मी पिनेला हात लावला नाही. दिवाळीनंतरच्या सभेत खड्ड्याचा विषय मीच मागे घेतला.

अॅम्प दुरुस्त होऊन आला तेव्हा देवरे न बोलावता आला. बोर्डापासून नवीन लाइन ओढली, तीन पिनांचा नवा प्लग लावला, सगळी यंत्रं एका जागी जोडली. दोन दिवस माझ्याच हॉलमध्ये होता आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. "ताई, टॉर्च." "ताई, स्टूल." शेवटी सगळं सुरू केलं आणि काहीही न लावता स्पीकरला कान लावून बसला. बराच वेळ बसला. गुणगुणाट नव्हता. मान हलवली आणि उठला. सिनेमा बघायला थांबा म्हणून सुनंदाने किती आग्रह केला. नाही थांबला.

यंदा मार्चमध्ये तो गेला. म्हणजे गावी गेला, मुलाकडे. गुडघे पार गेले होते. गेटाशी टेम्पो उभा होता, वर एक कपाट, एक खाट आणि वायरींची चार पोती. सुनंदाने डबा दिला. त्याने तिला सांगितलं, "ताई, मंगळवारची बादली." ती म्हणाली, "हो भाऊ." मग तिने मला कोपराने ढोसलं.

मी पुढे झालो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलेलं, पण तोंडातून भलतंच आलं. "देवरे, मी तिला सांगितलं नव्हतं."

"माहितीय," तो म्हणाला. "त्यांनाबी माहितीय."

मी हात पुढे केला. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्याने हाताकडे बघितलं. मग स्वतःचा हात उलटा केला आणि बोटांची पाठ माझ्या तळव्याला टेकवली, फ्रिजला टेकवली होती तशीच. क्षणभर थांबला.

"लागतंय अजून," म्हणाला, आणि टेम्पोत चढून बसला. जाताना मागे वळून बघितलं नाही. सुनंदा हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या मंगळवारी सकाळी सुनंदाने बादली भरली आणि उचलली. उजव्या हाताने. भरलेली बादली उचलली की तो हात अजून जरासा थरथरतो. मी बादली तिच्याकडून घेतली आणि खाली गेलो. गाडी मागे घेतली, खड्ड्यापाशी वाकलो. झाकण लोखंडी. मी आधी त्याला उलटा हात लावला, क्षणभर थांबलो, आणि मग देवऱ्याला एक सणसणीत शिवी घालून झाकण उचललं.